गाडी का तापते? : रेडिएटरच्या पंख्याचे निदान आणि दुरुस्ती

(द्वितीय वर्ष, कला)

नगर-मनमाड रस्ता आमच्या राहुरीवरून जातो. शिर्डीचे भाविक या रस्त्याने जातात, शनिशिंगणापूरचे जातात, आणि उसाच्या हंगामात भरलेल्या जोड-ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टरही याच रस्त्याने बैलाच्या चालीने सरकत असतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या घरात गेला की या रस्त्यावर एक दृश्य नेहमी दिसते. कडेला गाडी उभी असते, बॉनेट उघडे असते, आतून वाफ येत असते आणि भोवती जमलेली दहा माणसे दहा सल्ले देत असतात. कोणी म्हणतो पाणी घाला, कोणी म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाका, कोणी म्हणतो पंखा डायरेक्ट करून घ्या. यांपैकी कोणाचे ऐकावे हा प्रश्न ज्याची गाडी त्याला पडतो. प्रस्तुत लेखाचा विषयही तोच आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने हा विषय का घ्यावा, असे काही वाचकांना वाटेल. आपल्या तालुक्यातच महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, तिथे इंजिनांचा रीतसर अभ्यास होतो. माझा अधिकार तसा नाही. माझे वडील भाड्याची गाडी चालवतात आणि मामांचे गाड्यांच्या वायरिंगचे दुकान आहे. कॉलेज सुटल्यावर मी त्या दुकानात बसतो, पाने-पक्कड हाती देतो, वहीत हिशेब लिहितो. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. सकाळी तर्कशास्त्राच्या पुस्तकात वाचलेली गोष्ट दुपारी मामा हातात टेस्ट लॅम्प घेऊन करताना दिसू लागली, तेव्हा हे लिहून ठेवावे असे वाटले.

लेखाचा मुद्दा एका वाक्यात सांगता येईल. पंखा न फिरणे हे लक्षण आहे, रोग नव्हे. ताप आला म्हणून कोणी थर्मामीटर बदलत नाही. पण पंखा थांबला की पंख्याची मोटार बदलणारे पुष्कळ आहेत.

उष्णता कोठून येते, कोठे जाते

इंजिनात पेट्रोल जळते तेव्हा सिलिंडरच्या आत काही क्षण दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर तापमान जाते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. तरीही ॲल्युमिनियमचे पिस्टन आणि हेड वर्षानुवर्षे टिकतात, याचे कारण त्यांची उष्णता सतत काढून नेली जाते. पेट्रोलपासून मिळणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने पाव ते एक तृतीयांश भाग गाडी चालविण्याच्या कामी येतो. जवळजवळ तेवढाच भाग सायलेन्सरवाटे धुराबरोबर जातो. उरलेल्यातला मोठा वाटा इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याला उचलावा लागतो.

या पाण्याचा प्रवास असा असतो. वॉटर पंप ते इंजिनाच्या पोकळ्यांतून ढकलतो. पुढे थर्मोस्टॅट नावाची झडप असते. इंजिन गार असताना ती बंद राहते, म्हणजे इंजिन लवकर कामाच्या उष्णतेला येते. पाणी साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान पोचले की ती उघडते आणि पाणी रेडिएटरमध्ये जाते. तेथे बारीक नळ्यांतून व त्यांना जोडलेल्या पातळ पत्र्यांच्या जाळीतून उष्णता हवेला देऊन ते परत इंजिनाकडे येते. रेडिएटर हे नाव खरे म्हणजे फसवे आहे. शाळेत आपण वहन, अभिसरण आणि प्रारण असे उष्णता जाण्याचे तीन मार्ग शिकलो. रेडिएटर म्हणजे प्रारण करणारा. परंतु हे यंत्र मुख्यतः वाहत्या हवेला उष्णता देऊन, म्हणजे अभिसरणाने काम करते. म्हणून हवा थांबली की रेडिएटरही थांबला.

कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या पहिल्या मोटारीत पाणी तापून वाफ होऊन उडून जाई आणि वाटेत वरचेवर पाणी भरावे लागे. १९०१ सालच्या मर्सिडीज मोटारीसाठी विल्हेल्म मायबाख यांनी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. त्यामुळे तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरणे अधिक सोयीचे झाले.

रेडिएटरचे झाकण हे घरातल्या कुकरच्या शिटीचे भावंड आहे. राहुरी समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंच आहे, त्यामुळे उघड्या भांड्यातले पाणी येथे शंभरच्या किंचित आधीच, ९८ अंशांच्या सुमारास उकळते. झाकणाची स्प्रिंग पाण्यावर दाब ठेवते, आणि दाबाखालचे पाणी ११५ अंशांच्या पलीकडे जाईपर्यंत उकळत नाही. म्हणूनच तापलेल्या गाडीचे झाकण उघडणे अत्यंत धोक्याचे आहे. झाकण निघताच दाब जातो, आतल्या पाण्याची एकदम वाफ होते आणि तोंड, हात भाजून निघतात. इंजिन निवल्याशिवाय झाकणाला हात लावू नये.

पट्ट्याचा पंखा आणि विजेचा पंखा

सगळ्याच वाहनांना पाणी लागत नाही. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी ज्या कायनेटिक कंपनीचा कारखाना, तिची लूना केवळ चालत्या वाऱ्याने गार होई; तिच्या सिलिंडरवरची पाती त्यासाठीच होती. बजाज चेतक स्कूटरचे इंजिन झाकलेले असल्याने तिच्या फ्लायव्हीललाच पंखा जोडलेला होता.

जुन्या मोटारींत, म्हणजे ॲम्बेसेडरमध्ये, तसेच सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या पद्मिनीमध्ये इंजिन उभे, लांबीच्या दिशेने बसवलेले असे. त्याचे तोंड रेडिएटरकडे असल्याने इंजिनाच्याच पट्ट्यावर पंखा फिरवता येई. ट्रॅक्टरमध्ये आजही ही व्यवस्था दिसते. पट्टा तुटला नाही व ढिला झाला नाही, म्हणजे पंखा फिरणारच. मात्र या व्यवस्थेत एक दोष आहे. गाडी गर्दीत उभी असते तेव्हा वारा नसतो, आणि इंजिनही संथ चालत असल्याने पंखाही संथच फिरतो. उलट गाडी वेगात असते तेव्हा वारा आपोआप मिळतो, आणि नको असताना पंखा जोरात फिरून इंजिनाची शक्ती खातो.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. ती पुढच्या चाकांवर चालणारी होती आणि तिचे इंजिन आडवे बसवलेले होते. आडव्या इंजिनाचा पट्टा बाजूला जातो, त्याचे तोंड रेडिएटरकडे राहत नाही. म्हणून पंख्याला स्वतःची विजेची मोटार मिळाली. हा पंखा गरजेपुरताच फिरतो आणि इंजिन संथ असतानाही पूर्ण जोर लावतो. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, पण तिची ही पद्धत आज बहुतेक लहान गाड्यांत आहे. पट्टा डोळ्यांना दिसत होता. त्याच्या जागी आलेली विजेची साखळी दिसत नाही, आणि निदानाची अडचण येथूनच सुरू होते.

आज्ञेची साखळी

ही साखळी दोन भागांची असते. पहिला भाग शक्तीचा. बॅटरीच्या प्लसपासून करंट निघतो, मुख्य फ्यूजमधून पंख्याच्या फ्यूजमध्ये येतो, रिलेच्या जाड संपर्कांतून जातो, कपलरमधून मोटारीत शिरतो आणि मोटारीतून अर्थच्या वायरने गाडीच्या सांगाड्याला व तेथून बॅटरीच्या मायनसला परत मिळतो. दुसरा भाग आज्ञेचा. पाण्याचे तापमान ओळखणारा सेन्सर किंवा स्विच खबर देतो, आणि रिलेच्या बारीक गुंडाळीत थोडासा करंट सोडला जातो. गुंडाळी लोहचुंबक बनते व जाड संपर्क मिटवते. नेहमीच्या चार पायांच्या रिलेवर हे आकड्यांनीच लिहिलेले असते : ८५ आणि ८६ हे गुंडाळीचे पाय, ३० आणि ८७ हे शक्तीचे.

जुन्या पद्धतीत रेडिएटरवर साधा उष्णता-स्विच असे. पाणी ९५ अंशांच्या आसपास गेले की तो मिटे. नव्या गाड्यांत सेन्सर इंजिनाच्या संगणकाला खबर देतो आणि रिलेला हुकूम संगणक देतो. एसी लावला की बहुतेक गाड्यांत पंखा पाण्याच्या तापमानाची वाट न पाहता चालू होतो. काही गाड्यांत दोन पंखे असतात. काहींत एकच पंखा दोन वेगांनी फिरतो आणि कमी वेगासाठी मध्ये एक रेझिस्टर घातलेला असतो. तो जळाला की कमी वेग जातो, जास्त वेग मात्र राहतो. अगदी नव्या गाड्यांत वेग कमीजास्त करणारा वेगळा नियंत्रकही असतो. तशा गाडीत पुढे दिलेल्या सगळ्या चाचण्या जशाच्या तशा करू नयेत, कंपनीचे पुस्तक पाहावे.

पहिला प्रश्न : केव्हा तापते?

बॉनेट उघडण्यापूर्वी मामा गाडीवाल्याला एकच प्रश्न विचारतात : "उभी असताना तापते की पळताना?" या एका प्रश्नाने अर्धे काम होते.

गाडी पन्नास-साठच्या वेगाने जात असते तेव्हा समोरून येणारा वारा बहुधा पुरेसा असतो. म्हणून मोकळ्या रस्त्यावर काटा ठीक, पण शिर्डीच्या पार्किंगमध्ये किंवा उसाच्या ट्रॉलीमागे अडकल्यावर काटा वर, असे असेल तर संशय पंख्यावर जातो. उलट पळताना, चढावर किंवा ओझे असताना गाडी तापत असेल तर पंखा बहुतेक निर्दोष असतो. मग पाणी कमी आहे का, थर्मोस्टॅट अडकला आहे का, वॉटर पंप, रेडिएटरच्या नळ्या, हेड गॅस्केट यांकडे पाहावे लागते. आणखी एक खूण आहे. एसी उभ्या गाडीत गार करत नाही आणि गाडी चालू लागली की गार करतो, असे असेल तर ती पंख्याची आगाऊ तक्रार समजावी. ती ऐकली तर पुढची वाफ टळते.

चाचण्यांचा क्रम

प्रथम सावधगिरी. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. पात्यांत हात घालण्यापूर्वी चावी काढावी व बॅटरीची मायनस वायर सोडावी. उपरणे, ओढणी, हातातले कडे दूर ठेवावे.

१. डोळ्यांनी पाहणे. गार इंजिनात टाकीतल्या पाण्याची पातळी पाहावी. पाणीच नसेल तर पंख्याला दोष देण्यात अर्थ नाही. सेन्सर पाण्याऐवजी हवेत राहिला तर त्याला खरी उष्णता कळत नाही आणि गाडी तापूनही पंखा लागत नाही. त्यानंतर बॅटरी सुटलेली असतानाच पंखा बोटाने फिरवून पाहावा. तो सहज फिरला पाहिजे. कपलर वितळलेला, तपकिरी झालेला आहे का, तेही पाहावे.

२. एसी लावणे. बॅटरी जोडून, गाडी सुरू करून एसी लावावा. पंखा फिरला तर मोटार, फ्यूज आणि अर्थ ठीक आहेत. दोष तापमानाची खबर देणाऱ्या बाजूला आहे. ज्या गाडीत एसीचा पंखा वेगळा असतो तिथे हा निष्कर्ष लागू नाही.

३. फ्यूज. उडालेला असेल तर तेवढ्याच आकड्याचा नवीन घालावा. मोठ्या आकड्याचा फ्यूज किंवा तांब्याची तार कधीही घालू नये. फ्यूज हा राखणदार आहे. तो मेला तर कोणी मारला ते शोधावे. लागलीच पुन्हा उडाला तर वायर कोठेतरी सांगाड्याला घासली आहे किंवा मोटार आतून जाम झाली आहे.

४. मोटारीला थेट करंट. साखळी मधोमध तोडण्याची ही युक्ती आहे. मोटारीचा कपलर सोडावा आणि मध्ये फ्यूज असलेल्या दोन वायरींनी बॅटरीचा करंट सरळ मोटारीला द्यावा. मोटार जोरात फिरली तर ती सुटली, दोष तिच्या अलीकडे आहे. फिरली नाही तर पान्याच्या मुठीने तिच्या अंगावर हलके ठोकावे. ठोकल्यावर फिरली तर आतले कार्बन झिजले आहेत.

५. कपलरवरचा करंट. येथे मीटरपेक्षा टेस्ट लॅम्प बरा, आणि लॅम्पमध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब असेल तर अधिक बरा. मीटर जवळजवळ करंट ओढत नाही, म्हणून गंजलेल्या सांध्यातूनही तो १२ व्होल्ट दाखवतो. बल्बला खरा करंट लागतो, तो मंद पेटून सत्य सांगतो.

६. रिले. त्याच नंबरचा, त्याच पायांचा दुसरा रिले शेजारी असतो, बहुधा हॉर्नचा. दोघांची अदलाबदल करावी. पंखा चालू झाला आणि हॉर्न बंद पडला तर निकाल लागला. नुसता 'टक्' आवाज आला म्हणजे रिले चांगला, असे मात्र समजू नये. गुंडाळी चांगली असूनही जाड संपर्क जळलेले असू शकतात.

७. सेन्सर. जुन्या दोन वायरींच्या स्विचमध्ये त्या दोन वायरी क्षणभर एकमेकींना जोडाव्यात. पंखा फिरला तर स्विच खराब. नव्या सेन्सरचा विद्युतरोध उष्णतेबरोबर कमी होतो. अनेक गाड्यांत तो २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना सुमारे तीनशे ओहम असतो. पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर लावून हे पाहता येते. पुष्कळ गाड्यांत सेन्सरचा कपलर काढला की संगणक सावधगिरी म्हणून पंखा आपणहून चालू करतो. ही खूणही उपयोगी पडते. दुकानात स्कॅनर असेल तर संगणकाला किती तापमान दिसते आहे ते सरळ वाचता येते.

एक प्रकरण

गेल्या मे महिन्यात वडिलांची गाडी शिर्डीच्या गर्दीत तापली. दुसऱ्या गावी एका दुरुस्तीच्या ठिकाणी दाखवली तेव्हा मोटार गेली असे सांगून नवीन मोटार बसवण्यात आली. तिच्या पैशांत माझी वर्षाची फी भागली असती. चार दिवस गाडी ठीक चालली. पाचव्या दिवशी प्रवासी बसलेले असताना काटा पुन्हा वर गेला आणि भाडे वाटेतच सोडून द्यावे लागले.

मामांनी सर्वप्रथम जुनी मोटार मागितली. वडिलांनी ती सुदैवाने मागून घेतली होती. बॅटरीला लावताच ती छान फिरली. मग गाडीत नवीन मोटार चालू असताना मीटर लावला. बॅटरीवर १२.२ व्होल्ट होते, मोटारीवर मात्र ८.४. मधले ३.८ व्होल्ट कोठे गेले? बॅटरीच्या प्लसपासून मोटारीच्या प्लसपर्यंत मोजले तर फक्त ०.२ गेले होते. मोटारीच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजले तर उरलेले ३.६ सापडले. अर्थची वायर ज्या बोल्टने सांगाड्याला जोडली होती तो गंजून हिरवा-पांढरा झाला होता. पॉलिश पेपरने घासून, बोल्ट बदलून, वरून ग्रीस लावले आणि पंख्याचा आवाजच बदलला.

"दाजी, मोटारीला कशाला बोल लावता?" मामा वडिलांना म्हणाले, "तिला जायला वाट होती, परतायला नव्हती."

आता विचार करण्यासारखी गोष्ट पुढे आहे. मोटार चांगली होती, तर ती बदलल्यावर चार दिवस गाडी ठीक कशी चालली? पंख्याची चौकट काढताना अर्थची वायर हलली, बोल्टवरचा गंज थोडा घासला गेला आणि तात्पुरती वाट मोकळी झाली. मोटार बदलली आणि दोष गेला, म्हणून मोटार बदलल्यामुळेच दोष गेला, असे अनुमान निघाले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, त्यातलाच हा प्रकार. आपल्या शास्त्रकारांनी त्याला काकतालीय न्याय म्हटले आहे.

उलट रिलेची अदलाबदल पाहा. बाकी सर्व परिस्थिती तीच ठेवून एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम बदलतो का ते पाहायचे. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ मध्ये आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात जिची मांडणी केली ती व्यतिरेक पद्धती हीच. मामांनी मिलचे नाव ऐकलेले नाही. पण एका वेळी दोन वस्तू बदलायच्या नाहीत हा त्यांच्या दुकानाचा नियम आहे, आणि तो मोडणाऱ्या पोऱ्याला ते रागावतात.

या प्रकरणामागचे गणितही सोपे आहे. पंख्याची मोटार साधारण १२० वॅटची धरली तर १२ व्होल्टला ती १० अँपिअर करंट ओढते. सांध्यात पाव ओहमचा अडथळा असला आणि त्यातून १० अँपिअर जात असले, तर ओहमच्या नियमाप्रमाणे अडीच व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि २५ वॅट उष्णता त्या नखाएवढ्या जागेत तयार होते. कपलर वितळतात ते यामुळे. घरातल्या दिव्यांच्या बटणातून एवढा करंट क्वचितच जातो. म्हणून घरी चालणारा ढिला सांधा गाडीत चालत नाही.

दुरुस्ती

दोष नेमका कळला की दुरुस्ती बहुधा लहान असते. अर्थचा बोल्ट घासून घट्ट करावा. जळालेला कपलर पुन्हा दाबून बसवू नये, नवीन घालावा आणि वायरीच्या जाडीत काटकसर करू नये. वायर नुसती पीळ देऊन टेप लावणे म्हणजे पुढच्या उन्हाळ्याचे आमंत्रण आहे.

मोटारीचे कार्बन झिजले असतील व मोटार उघडता येण्यासारखी असेल तर मापाचे कार्बन बसवून, आर्मेचरचे तांबे बारीक पॉलिश पेपरने साफ करून, बुशला तेलाचा थेंब देऊन ती चालती करता येते. आर्मेचर जळाले असेल किंवा बुश घासून पाते हलत असेल तर मात्र नवीन मोटारच घ्यावी. हलते पाते रेडिएटरलाच छिद्र पाडते.

मोटार बसवल्यानंतरची एक तपासणी फार जण विसरतात. प्लस-मायनस उलटे जोडले गेले तर अशा बहुतेक मोटारी उलट्या फिरतात. पंखा फिरताना दिसतो, पण वारा उलट्या दिशेने ढकलतो आणि गाडी तापतच राहते. यासाठी पंखा चालू असताना गाडीच्या तोंडाशी जाळीसमोर वहीचा कागद धरावा. कागद आत ओढला जाऊन चिकटला पाहिजे.

आमच्या भागात रेडिएटरच्या जाळीत धूळ, उसाचे पाचट आणि किडे इतके बसतात की पंखा उत्तम असूनही हवा जात नाही. इंजिन निवल्यावर, मोटार व कपलर झाकून, आतल्या बाजूने बाहेर असे हलक्या दाबाच्या पाण्याने जाळी धुवावी. जोराच्या फवाऱ्याने पातळ पत्रे वाकतात आणि वाट आणखी बंद होते. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालू नये, त्याचे क्षार नळ्यांत बसतात. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नसली तरी कूलंट घालावे. त्याने गंज टळतो आणि पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढतो.

'डायरेक्ट' करण्याविषयी

निदान होत नाही तेव्हा पंखा डायरेक्ट करण्याची पद्धत सर्रास आहे. चावी फिरवली की पंखा चालू, किंवा डॅशबोर्डखाली एक बटण. वाटेत अडकलेल्या माणसाला घरी पोचण्यासाठी हा उपाय योग्यच आहे. पण तोच कायमचा ठेवणे म्हणजे रोग्याला रोज तापाची गोळी देणे. बटण चालकाच्या स्मरणावर अवलंबून राहते. रिले न घालता पंख्याचा सगळा करंट चावीच्या स्विचमधून नेला तर तो स्विच जळतो. हिवाळ्याच्या पहाटे पंखा उगाच फिरून बॅटरी व मोटार झिजवत राहतो. मूळ दोष तसाच राहतो तो निराळाच.

थर्मोस्टॅट काढून टाकणे हीदेखील तशीच सवय. त्याने इंजिन कामाच्या उष्णतेला यायला फार वेळ लागतो, पेट्रोल जास्त जाते आणि झीज वाढते.

वाटेत गाडी तापली तर

काटा लाल रेषेकडे जाऊ लागला की एसी बंद करावा, काचा उघडाव्यात आणि हीटर पूर्ण चालू करावा. उन्हाळ्यात हे विचित्र वाटेल, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे. तो इंजिनाची थोडी उष्णता गाडीत ओढून घेतो. तरीही काटा उतरला नाही तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे. निदान अर्धा तास झाकणाला हात लावू नये आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये. "अजून दोनच किलोमीटर" हा विचार सर्वांत महाग पडतो. अनेक इंजिनांत खालचा ठोकळा बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असते. ॲल्युमिनियम अधिक प्रसरण पावते, हेड वाकते, गॅस्केट उडते. मग पाणी ऑइलमध्ये शिरते आणि ऑइल दुधाच्या चहासारखे दिसू लागते. एका गंजक्या बोल्टचे काम तेव्हा इंजिन उतरवण्यावर जाते, आणि ज्याचे घर त्या गाडीवर चालते त्याचा हंगाम बुडतो.

समारोप

मामांच्या दुकानात पाटी आहे, पण पुस्तक नाही. त्यांनी हे ज्ञान त्यांच्या उस्तादांकडून ऐकून व पाहून घेतले, आणि पोरे त्यांच्याकडून तसेच घेतात. मराठीत ते कोठे सलग लिहिलेले मला आढळले नाही; म्हणून जसे समजले तसे येथे मांडले. मांडताना एक गोष्ट मनाशी पक्की झाली. विचार करून दुरुस्ती करणारा आणि अंदाजाने वस्तू बदलणारा, या दोघांच्या हातांत हत्यारे तीच असतात. फरक प्रश्नांच्या क्रमात असतो. आणि तो क्रम चुकला तर त्याची किंमत बहुतेक वेळा दुरुस्ती करणाऱ्याला नव्हे, गाडीवाल्याला मोजावी लागते.

म्हणून माझ्या मित्रांना एवढेच सुचवावेसे वाटते. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी गाडी, ट्रॅक्टर किंवा विहिरीवरची मोटार आहे. ती बंद पडली की कोणी नवीन वस्तू घ्यायला सांगेल, तेव्हा "कशावरून?" असे नम्रपणे विचारावे, आणि काढलेली जुनी वस्तू मागून घ्यावी. जाणकारांनी या लेखात भर घालावी, ही विनंती.